सतरा नंबरची खुंटी

मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे शिबिरातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं घरच्यांशी वाजलं, कुणी केसांना लावलेला रंग टॉवेलला पुसला, सगळं मावशीकडून कळायचं आणि तेही न विचारता. तिचा नवरा म्हणायचा, "हिला गुपित सांगायचं म्हणजे चाळणीत पाणी साठवायचं." आणि अशा बाईच्या हाती दर मोठ्या स्पर्धेआधी देशातलं सगळ्यात मोठं गुपित दिलं जायचं. कारण ते गुपित कपड्यांतून उघड व्हायचं, आणि कपडे मावशीच्या ताब्यात होते.

देशाच्या महिला फुटबॉल संघाचे कपडे धुणं, वाळवणं, उसवलेलं शिवणं आणि जिचं तिच्या खुंटीला लावणं, हे मावशीचं काम. त्याआधी ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. उमेदीची सगळी वर्षं चादरी उकळण्यात गेली. तिथे कपडे यायचे ते पडून असलेल्या माणसांचे. गप्प कपडे, असं ती म्हणायची. इथे आली त्या पहिल्या दिवशी तिच्यापुढे चिखलाचा एक ढीग येऊन पडला. त्यातून बाही लोंबत होती म्हणून तिला कळलं की हे कपडे आहेत. एवढा पराक्रम करणाऱ्या पोरी दिसतात तरी कशा, बघू तरी, म्हणून ती तावातावाने मैदानाच्या कडेला गेली. गोलरक्षक मुलगी तेव्हा हवेत आडवी झाली होती. सगळं अंग ताणलेलं, जमिनीचा कुठेच आधार नाही, आणि चेंडू तिच्या बोटांच्या टोकांना लागून बाहेर गेला. ती धाडकन आपटली, उठली, थुंकली आणि ओरडली, "अजून एक!"

मावशी आ वासून उभी राहिली. बाईमाणसाचं शरीर असंही वागू शकतं, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. घरी जाऊन तिने नवऱ्याला ते इतक्यांदा सांगितलं की तो शेवटी म्हणाला, "अगं, आता तूच हवेत आडवी होऊन दाखव आणि मला झोपू दे." त्याला आज इतकी वर्षं झाली. मावशीचा तो पहिल्या दिवसाचा अचंबा काही कमी झाला नव्हता. चिखल मात्र ती रोज शिव्या घालतच धुवायची. दोन्ही गोष्टी तिच्या पोटात सुखाने नांदत होत्या.

आता त्या गुपिताबद्दल. संघ निवडला की नावं मोठ्याने वाचायची, अशी सगळीकडे रीत असते. इथल्या कोचबाईंना ती मंजूर नव्हती. त्या स्वतः खेळाडू होत्या तेव्हा एका खोलीत सगळ्यांसमोर नावं वाचली गेली होती, आणि त्यांचं नाव येईल येईल म्हणता वाचणाऱ्याने चष्मा काढून खिशात ठेवला होता. तो चष्मा त्या अजून विसरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी आपली वेगळी पद्धत काढली. शेवटच्या दिवशी सगळ्या जणी नाश्त्याला गेल्या की बाई निवडलेल्यांची नावं मावशीला तोंडी सांगायच्या, आणि मावशी स्पर्धेच्या नव्या कोऱ्या जर्सी त्यांच्या त्यांच्या खुंट्यांना लावायची. जिची निवड नाही, तिच्या खुंटीखालच्या बाकावर तिचे घरचे कपडे, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. मुली आत यायच्या, आपली खुंटी बघायच्या आणि काय ते समजून घ्यायच्या. रडायचं तर भिंतीकडे तोंड करून रडता यायचं. आणि तेवढा नाश्ता होईपर्यंत मावशीची जीभ दातांखाली राहायची. तेवढं तिला जमायचं, कसंबसं.

या वेळी शिबिरात तीस जणी होत्या आणि जायच्या होत्या तेवीस. सगळ्या मावशीच्या लाडक्या, पण खरं सांगायचं तर एक जरा जास्तच. तिला सगळे थोरली म्हणत. चौतिशी गाठलेली, बचावफळीतली, खांद्याने दार अडवेल अशी. एरवी ती शाळेची बस चालवायची. मूल झाल्यावर डॉक्टर, सासर, माहेर सगळ्यांनी "आता बास" म्हटलं होतं, आणि थोरली "हो हो" म्हणत दुसऱ्या महिन्यात पळायला लागली होती. मोठी स्पर्धा तिने अजून एकदाही पाहिली नव्हती. एकदा गुडघा आडवा आला, एकदा बाळंतपण. ही शेवटची संधी, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिबिरभर तिने सतरा नंबर घातला होता. सरावानंतर ती स्वतःचे कपडे उलटे करून, चिखल झटकून मावशीच्या टोपलीत टाकायची. तीस जणींत ती एकटीच असं करायची. मावशीचा जीव तिच्यावर जडला तो अशा साध्यासुध्या कारणाने.

आणि दुसरी होती भिंगरी. एकोणीस वर्षांची, वाळक्या काटकीसारखी, शिबिरातला नंबर अठ्ठावीस. बोलायला लाजाळू, पण चेंडू पायाला लागला की कुठे वळेल ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. रोजच्या सरावात तिला अडवायचं काम थोरलीकडे होतं.

त्या सकाळी खोलीत फक्त बाई आणि मावशी होत्या. नव्या जर्सींचा खोका उघडला होता, कोऱ्या कापडाचा वास सुटला होता. पाठीवर नावं नंतर छापायची होती, तेव्हा फक्त नंबर होते, एक ते तेवीस. बाई एकेक नाव घेत होत्या आणि बोटाने जर्सी दाखवत होत्या. बहुतेकींचा नंबर शिबिरातलाच होता. ज्यांचा तेविसाच्या पुढचा होता, त्यांना गळलेल्यांचे नंबर मिळाले.

"सतरा भिंगरीला," बाई म्हणाल्या.

मावशीचा खोक्यात गेलेला हात तिथेच थांबला. म्हणजे थोरली नाही.

"मावशी," बाई हळूच म्हणाल्या, "मलाही सोपं गेलेलं नाही." आणि त्या बाहेर गेल्या.

मावशी कामाला लागली. डोळ्यांत पाणी होतं आणि हात आपले चालू होते. एकाच्या खुंटीला एक, दोनाच्या खुंटीला दोन. चार आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ ज्या हातांनी जिथला नंबर तिथे लावला, त्या हातांना रस्ता पाठ झाला होता. म्हाताऱ्या घोड्याला घरचा रस्ता दाखवावा लागत नाही, आणि हाच घात झाला. बाकीचे बदललेले नंबर तिने आठवून आठवून लावले, पण सतरा नंबरची नवी जर्सी सतराच्याच खुंटीला जाऊन लटकली. थोरलीच्या खुंटीला. अठ्ठाविसाची खुंटी रिकामी राहिली, म्हणून तिच्याखाली भिंगरीचे घरचे कपडे गेले. मावशीने दारातून एकदा मोजलं. तेवीस जर्सी, सात घड्या. हिशेब चोख जुळला. जुळलेल्या हिशेबावर कोण शंका घेतं?

मुली आल्या. आधी पावलांचा आवाज, मग एकदम शांतता, मग एक किंकाळी आनंदाची, मग अनेक. कुणी जर्सीत तोंड खुपसलं, कुणी बाकावर उभी राहिली. दोघी-तिघी भिंतीकडे वळल्या. थोरली आपल्या खुंटीसमोर नुसती उभी होती. मग तिने जर्सी काढली, अंगात घातली, पुन्हा काढून नंबर पाहिला आणि पुन्हा घातली. तिने फोन काढला.

"पिल्लू? अगं, आई जाणार! हो, खरंच! आजीला सांग... सगळ्यांना सांग!"

मावशी कोपऱ्यात रिकामी टोपली घेऊन उभी होती आणि हसत होती. अगदी मनापासून, डोळे पुसत. देवाने ऐकलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि मग तिची नजर समोरच्या रांगेत गेली. भिंगरीने आपल्या कपड्यांची घडी उचलली, बॅगेत टाकली, कुणाकडे न बघता दाराबाहेर पडली.

"सतरा भिंगरीला." बाईंचा आवाज मावशीला आत्ता ऐकू आला, सकाळी ऐकला त्याहून स्पष्ट.

बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ज्या बाईने उभ्या आयुष्यात जिभेला विसावा दिला नाही, तिची जीभ नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. समोर थोरली फोनवर हसत होती, रडत होती. तिच्या अंगावरून ती जर्सी कुठल्या तोंडाने उतरवायची? आणि त्याच वेळी मावशीला आणखी एक वाईट शंका आली, ती तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली. हे हातांनी केलं की मनाने? सवयीने चुकले, की मला हवं होतं म्हणून चुकले? तिला खरंच सांगता येईना.

थोरलीने फोन ठेवला आणि नाचतच मावशीकडे आली. "मावशी! बघा तरी! काहीतरी बोला की!"

मावशी गप्प.

"मावशी?"

थोरलीचं हसू ओसरलं. मावशी गप्प आहे, म्हणजे जगात काहीतरी उलटं घडलंय, एवढं शिबिरातल्या कुणालाही कळलं असतं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग मावशी जिकडे बघत होती तिकडे, अठ्ठाविसाच्या रिकाम्या बाकाकडे.

"भिंगरी घरी गेली?" तिने विचारलं.

मावशीने मान हलवली.

"मी आत आणि ती बाहेर?" थोरली हळू आवाजात म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "चार आठवडे मी त्या पोरीच्या मागे धावतेय, मावशी. मागेच. पुढे कधी गेले नाही. बाईंना डोळे आहेत. हे असं होऊच शकत नाही." मग तिने मावशीचा खांदा धरला. "हा नंबर तिचा आहे ना?"

आणि मावशीच्या तोंडून शेवटी एकच शब्द निघाला. "हो."

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? निदान खाली बसलो असतो. निदान मावशीला चार शब्द सुनावले असते, आणि ते रास्तही होते. निदान म्हणालो असतो, बाई येऊ देत, मग बघू. थोरलीने दोन्ही हातांनी जर्सी डोक्यावरून काढली. चुरगळू नये म्हणून एकदा झटकली. आणि आतल्या बनियनवरच ती दाराबाहेर पळत सुटली.

मावशी मागून धावली. तिचं धावणं म्हणजे टोपलीला पाय फुटल्यासारखं, पण धावली. फाटकाबाहेर बसथांबा होता. बस आलेली होती, भिंगरी चढलेली होती, दार मिटत होतं. थोरली सरळ बसच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, पाय फाकवून, हात पसरून. रोज सरावात उभी राहायची तशीच.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "ओ बाई! मरायचंय का?"

"मीही बसच चालवते!" थोरली खालून ओरडली. "उशीर झाला की वर काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. दोन मिनिटं! त्या मुलीला खाली उतरवा!"

भिंगरी उतरली. डोळे सुजलेले, बॅग छातीशी. थोरलीने ती बॅग काढून मावशीच्या हातात कोंबली आणि काही न बोलता जर्सी पोरीच्या डोक्यावरून खाली ओढली. बाह्यांत हात घालायलाही भिंगरीला सुचेना, तेव्हा थोरलीनेच एकेक हात धरून आत घातला.

"ताई, हे काय... ही तर तुझी..."

"माझी नाही. चुकून माझ्या खुंटीला लागली होती. मला ढगळच झाली असती."

ही शुद्ध थाप होती. जर्सी भिंगरीच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. बसमधल्या लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळी बसच वाजवायला लागली. मावशी रस्त्यात उभी होती, बॅग पोटाशी धरून, आणि तिला वाटत होतं की गोलरक्षक मुलगी हवेत आडवी होते ते काहीच नाही. हे त्याच्या कितीतरी वर आहे. इतकं उंच माणूस जाऊ शकतं.

परत आल्यावर मावशी बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. या वेळी तिची जीभ अडखळली नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, ही कापडं नाहीत. माणसं आहेत ही," त्या म्हणाल्या. मावशीने मान खाली घातली. बोलणं खरं होतं आणि तिने ते मुकाट्याने घेतलं. मग बाई थोरलीकडे वळल्या आणि तिची माफी मागायला लागल्या.

"बाई, ते राहू द्या," थोरली म्हणाली. "आज सराव आहे ना? समोर उभं राहायला माणसं लागतील. मी थांबते. गाडी दुपारी आहे माझी."

ती थांबली. जुन्या, विटक्या सराव-बनियनवर ती मैदानात उतरली, निवडलेल्यांच्या विरुद्ध बाजूला. पहिला चेंडू भिंगरीकडे आला. भिंगरीने समोर थोरलीला पाहिलं. तिने चेंडू मागे देऊन टाकला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा थोरलीने तिच्या पायातून चेंडू असा काढून घेतला की पोर गवतावर बसली.

"दया करतेस माझ्यावर?" थोरली गरजली. सगळं मैदान थांबलं. "तिथे समोरची तुझ्यावर करणार आहे का? ऊठ! त्या शर्टासाठी मी बस अडवली, ती काय तू मागे चेंडू द्यायला?"

भिंगरी उठली. पुढच्या वेळी चेंडू आला तेव्हा ती निघाली ती निघालीच. थोरली पूर्ण ताकदीने आडवी गेली. तिने काही राखून ठेवलं नाही, हे मैदानाच्या कडेवरूनही दिसत होतं. भिंगरी डावीकडे झुकली, थोरली झुकली, आणि मग पोर तिथे नव्हतीच. थोरली जमिनीवर पालथी पडली होती आणि चेंडू जाळ्यात होता. मग सगळ्यांत मोठा आवाज आला तो जमिनीवर पडलेल्या बाईचा. "अस्सं! अस्सं खेळायचं!" हात उंच करून, तोंडात माती, आणि चेहऱ्यावर असा आनंद की गोल जणू तिनेच केलाय. मावशीने इस्पितळात वॉर्डावॉर्डांतून चादरी गोळा करताना माणसं जन्मताना पाहिली होती, मरताना पाहिली होती. हे तिने पाहिलं नव्हतं. तिला दोन्ही हात जोडावेसे वाटले आणि तिने ते जोडले, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता.

सराव संपला. मुली जेवायला गेल्या. कपड्यांच्या खोलीत थोरली एकटी बाकावर बसली होती, मातीने माखलेली, फोन हातात घेऊन. मावशी तिचे घरचे कपडे घेऊन आत आली. इस्त्री केलेली पॅन्ट, निळा शर्ट, मोज्यांची जोडी.

"मावशी," थोरली म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "पिल्लूला सकाळी सांगून बसले ना मी. सगळ्या गल्लीला सांगितलं असेल तिने आतापर्यंत. मघापासून नंबर काढतेय आणि बंद करतेय. नाही होत माझ्याच्याने."

बसच्या तोंडाशी उभी राहणारी ही बाई, आणि आठ वर्षांच्या मुलीला फोन करायला घाबरत होती. मावशीने तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच लावला.

"बाळा, मी आईच्या इथली कपड्यांची मावशी बोलतेय. नीट ऐक हं. सकाळी आईने तुला सांगितलं ना, ती खेळायला जाणार म्हणून? ते चुकलं. चूक आईची नाही, माझी. मी दुसऱ्या मुलीची जर्सी आईच्या खुंटीला लावली. आईची निवड झालेली नाही." "पण आईने काय केलं ते तुला सांगते..." आणि मग मावशीने सगळं सांगितलं. बस, ड्रायव्हर, टाळ्या, पालथं पडणं, सगळं. थोरलीने टॉवेलात तोंड लपवलं होतं. तिचे खांदे हलत होते.



"मावशी," पलीकडून पोरीने विचारलं, "म्हणजे आई स्पर्धेला जाणार नाही?"

"नाही गं, बाळा."

"मग आई घरी येणार? आज?"

"हो. आज. दुपारच्या गाडीने."

पलीकडून जी आरोळी उठली ती ऐकायला फोन कानाला लावायची गरज नव्हती. "आजीऽऽ, आई आज येतेय! आई आज येतेय!" दारं आपटत, जिने उतरत, ती आरोळी घरभर पळत होती. थोरलीने टॉवेलातून तोंड वर काढलं. गालांवर मातीचे ओघळ आले होते. तिने हात पुढे केला.

मावशीने फोन तिच्या हातात दिला, निळा शर्ट बाकावर ठेवला आणि बाहेर येऊन दार हळूच लोटून घेतलं.